टोपीवाल्याच्या कपाळावरचं कुंकू

हे मी मेधालाही सांगितलेलं नाही. मेधा म्हणजे माझी बायको. तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही — माझा पगार, माझं वजन, माझं घोरणं, सगळं तिला पाठ आहे. हे मात्र नाही. आणि ईराला, आमच्या मुलीला, तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून असेल. उद्या सकाळी मला तुमच्यासमोर बसून चहा प्यायचा नाही.

गोष्ट दिसायला अगदी फुटकळ आहे. बेसबॉलचं एक जुनं कार्ड. तळहातात मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे टोपी घातलेला खेळाडू, मागे बारीक अक्षरात त्याची कामगिरी. एके काळी इथे अमेरिका-कॅनडात च्युइंगमच्या पाकिटातून अशी कार्डं निघायची. पोरं ती सायकलच्या चाकात अडकवायची, फटफट आवाज यावा म्हणून. पोरं मोठी झाली, त्यांच्या आयांनी कार्डं कचऱ्यात टाकली, आणि ज्या थोड्या आया विसरल्या त्यांच्या माळ्यावरच्या डब्यांना आता सोन्याचा भाव आहे. खेळाडूचं नाव मी सांगणार नाही. डेट्रॉइटचा एक पिचर होता — पिचर म्हणजे आपला बोलर समजा — एवढं पुरे. नाव सांगितलं की जाणकार लगेच विचारतील, ते कार्ड कुठे आहे आता? त्या प्रश्नाला मी भितो.

सांगलीच्या माणसाला बेसबॉल कशाला हवा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्या सासऱ्यांच्याही आलं होतं. मी कॅनडात विंडसरला राहतो, नदीपलीकडे डेट्रॉइट दिसतं, आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत सगळे आदल्या संध्याकाळच्या मॅचवर तावातावानं बोलायचे आणि मी पोळी-भाजीचा डबा उघडून मख्खासारखा बसायचो. कोणी मुद्दाम वगळत नव्हतं हो — पण माणूस टेबलावर असून नसल्यासारखा असणं फार वाईट. मग कुणीतरी सहज म्हणून कार्डांचं एक पाकीट हातात दिलं. मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की त्यांच्यात वाद झाला की ते म्हणायचे, "आस्क श्री." श्रीकांतचं श्री झालं आणि मी फुगलो. त्या फुगण्याला सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे, म्हणून सांगतोय.

ईरा लहानपणापासून माझ्याबरोबर असायची. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी आम्ही बापलेक गाडी काढून गराज सेल पालथे घालायचो. लोकांच्या अंगणात टेबलं मांडलेली, त्यावर जुने कप, बाहुल्या, ख्रिसमसचे दिवे — आणि एखाद्या कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात कार्डं. तिला मी सगळं शिकवलं. कोपरे टोकदार आहेत का बघायचे. छपाई मधोमध आहे का बघायची. कार्ड खिडकीशी तिरकं धरून सुरकुती शोधायची. आणि मोजायचं. माझं जुनं व्हर्नियर कॅलिपर मी तिला दिलं होतं, कारखान्यात आम्ही ज्यानं पार्टची जाडी-रुंदी मोजतो ते. बाकीच्या पोरींकडे बाहुल्या, हिच्याकडे कॅलिपर.

मोजायचं का? तर काही लोक कार्ड कातरतात म्हणून. पन्नास-साठ वर्षांत पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात, बोथट होतात. लबाड माणूस काय करतो, तर धारदार पात्यानं कडेची केसभर पट्टी उतरवतो. कोपरे पुन्हा नव्यासारखे टोकदार! डोळ्यांना कळत नाही. पण कार्ड केसभर लहान होतं, आणि मोजलं की पकडलं जातं. जुनं कार्ड परीक्षेला पाठवायच्या कंपन्या असतात, त्याला ग्रेडिंग म्हणतात. दहापैकी मार्क देऊन ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करून पाठवतात. कातरलेलं निघालं तर मार्क नाहीत. नुसतं परत येतं, कातरलं असल्याचा शेरा घेऊन. या छंदात याहून मोठी नाचक्की नाही.

आणि यावर मी ईराला केवढी प्रवचनं दिली होती! झिजलेलं कार्ड प्रामाणिक असतं, म्हणायचो. त्यानं जे सोसलं ते ते दाखवतं. कातरणारा माणूस फक्त पुढच्या गिऱ्हाइकाला फसवत नाही, ज्या पोरानं ते कार्ड इतकी वर्षं सांभाळलं त्यालाही फसवतो. ती डोळे मोठे करून ऐकायची. पटकन विश्वास ठेवणारी मुलगी आहे ती — निदान माझ्यावर.

ते कार्ड तिलाच सापडलं. कारखान्यातून निवृत्त होऊन वारलेल्या एका माणसाच्या बायकोनं सेल मांडला होता. बटणांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ईरानं उपसला आणि तळाशी हा टोपीवाला निघाला. मी एका नजरेत ओळखलं. डब्यावर किरकोळ किंमत लिहिली होती. मी गुपचूप पैसे काढत होतो — खरंच सांगतो, काढत होतो — तेवढ्यात ईरा त्या बाईंना म्हणाली की हे कार्ड खूप मौल्यवान आहे, तुम्हाला माहीत आहे का? त्या बाई हसल्या. नवऱ्याचं होतं, म्हणाल्या, त्याला मुलगी हवी होती, आम्हाला मुलगे झाले. जी मुलगी असं सांगते तिनंच ते ठेवावं. गाडीत बसल्यावर मी ईराची पाठ थोपटली. शाबास म्हणालो. आतून चरफडत होतो की खूश होतो? दोन्ही, बहुतेक.

कार्ड ईराचं झालं. तिनं ते कॅलिपरनं मोजलं, माप बरोबर भरलं, आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत घालून टेबलावर ठेवलं. दिवाळीनंतर ग्रेडिंगला पाठवायचं ठरलं, कारण दिवाळीला आजी असणार होती आणि आजीला दाखवल्याशिवाय ते घराबाहेर जाणार नव्हतं.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. नाशिकच्या. सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या होत्या. बुटक्या, चटपटीत, आणि भलत्या कुतूहलाच्या. दुपारी शाळेतून आलेली ईरा आणि त्या जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडून बसायच्या. ईराचं मराठी ऐकण्यापुरतं, बोलायची इंग्रजीतच. सासूबाईंचं इंग्रजीही तसंच, समजण्यापुरतं; बोलायच्या मराठीतच. तरी दोघींचं मस्त चालायचं. "हा कुठल्या गावचा गं?" सासूबाई विचारायच्या. "शिकागो, आजी. ही वॉज अ कॅचर." "कॅच पकडतो? बरं मग, चांगल्या घरचा दिसतो." तेरा वर्षांची पोरगी खदखदून हसायची. त्या पिचरला त्यांनी टोपीवाला असं नाव ठेवलं. ईराला झोपवताना त्या म्हणायच्या, चल, तुझ्या टोपीवाल्याला गुड नाइट म्हण. एवढी मोठी पोर, पण म्हणायची.

आता माझं.

सप्टेंबरात गावातल्या एका हॉलमध्ये कार्डवाल्यांचं प्रदर्शन होतं. मी ते कार्ड घेऊन गेलो. खरं तर मिरवायला. जुने-जाणते जमले, हातोहात फिरवलं, शिट्ट्या वाजल्या. मग त्यांच्यातला सगळ्यात मुरलेला गडी, ज्याचं मत सगळे मानतात, त्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला — छान आहे, श्री. उजवीकडची कड झिजली नसती तर काय कार्ड होतं! बिचारं. आणि त्यानं ते माझ्या हातात परत दिलं. बस्स. एवढंच. कोणी अपमान केला नाही, काही नाही. पण मी ते "बिचारं" घरी घेऊन आलो.

पुढच्या शनिवारी दुपारी मेधा आईंना घेऊन ग्रोसरीला गेली होती, ईरा मैत्रिणीकडे. मी ईराच्या खोलीतून कार्ड उचललं आणि बेसमेंटमध्ये माझ्या टेबलाशी नेलं. स्टीलची पट्टी, नवं पातं. मी स्वतःला काय सांगितलं? की फक्त बघायचं आहे. की माझा हात स्थिर आहे. की कार्डं छापणाऱ्या फॅक्टरीतही कटिंग वाकडंतिकडं व्हायचंच, केसभर इकडेतिकडे चालतं. पट्टी दाबून धरली आणि पातं ओढलं. उजवी कड सुरेख निघाली. इतकी सुरेख की तिच्यापुढे खालची बोथट दिसायला लागली. म्हणून मग खालची.

मग मोजलं. आधी मोजायचं असतं, हे मी लोकांना शिकवतो. टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर गेलं होतं. पुन्हा मोजलं, आकडा बदलला नाही, कशाला बदलेल? माझ्या हाताखालच्या माणसानं असा पार्ट पुढे पाठवला असता तर मी त्याची सर्वांदेखत खरडपट्टी काढली असती. निघालेल्या त्या सुतासारख्या दोन पट्ट्या मी वॉशरूममध्ये फ्लश केल्या, आणि कार्ड डबीत घालून जिथल्या तिथे ठेवलं. मेधाच्या पिशव्या गाडीतून उतरवायला मीच धावलो.

ईरा रोज कार्डाकडे बघायची, पण आपलंच आहे म्हटल्यावर माणूस पुन्हा कशाला मोजेल? मात्र ग्रेडिंगवाले मोजणार. शेरा येणार. आणि मग ती विचार करणार. बटणांच्या डब्यात पडून राहिलेलं कार्ड कोणी कातरत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. मग कोण उरतं? घरात पातं कोणाकडे आहे? मी टाळाटाळ सुरू केली. दिवाळीनंतर लगेच नको, पोस्टात गर्दी असते. विंटर टायर्स घालायचेत, त्यात अडकलोय. ती म्हणायची, "बाबा, आफ्टर दिवाळी म्हणजे आफ्टर दिवाळी. यू प्रॉमिस्ड."

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आधी जसं इतकी वर्षं मनाशी घोकत आलो तसंच सांगतो.

सासूबाईंनी दिवाणखान्यात पाट मांडला होता. लक्ष्मीची तसबीर, मेधाचे दागिने, कॅनडाची नाणी, लाह्या-बत्तासे, धने-गूळ, डॉलर स्टोअरमधून आणलेला नवा झाडू. मी बाहेर पायऱ्यांवर पणत्या लावत होतो, वाऱ्यानं त्या सारख्या विझत होत्या. ईरा नवा ड्रेस घालून खाली आली. आणि मला तिची किंकाळी ऐकू आली.

मी आत गेलो. पाटावर, दागिन्यांच्या शेजारी, टोपीवाला. डबीबाहेर. त्याच्या कपाळावर, टोपीच्या जरा खाली, ओल्या हळदीचा टिळा, त्यावर कुंकू, आणि कुंकवात रुतलेले तांदळाचे दोन दाणे. पुठ्ठा ओल शोषून फुगायला लागला होता.

ईरा ओरडत होती. "व्हॉट डिड यू डू? शी रूइन्ड इट! बाबा, शी रूइन्ड इट! हू डझ दॅट?" सासूबाई निरांजन हातात धरून उभ्या. इंग्रजी कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? शब्द न शब्द कळला.

आणि माझा जीव भांड्यात पडला.

हे मी आजवर कुठेही उच्चारलेलं नाही. कार्डाकडे बघून, हुंदके देणाऱ्या माझ्या पोरीकडे बघून, हातात निरांजन घेऊन उभ्या असलेल्या त्या म्हातारीकडे बघून मला पहिलं जे वाटलं ते हे — सुटलो. आता ते कुठेही जाणार नाही. आता ते कोणी मोजणार नाही. कुंकू लागलेलं कार्ड कोण मोजतं?

सुटका चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चिडलो. चिडणं सोपं असतं. "आई, हे काय करून बसलात? त्याचं मोल तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" सासूबाईंवर मी कधी आवाज चढवला नव्हता. जावई होतो, त्या मला श्रीकांतराव म्हणत, माझ्या ताटात पहिली पुरणपोळी पडायची. मेधा स्वयंपाकघरातून धावत आली, तीही आईलाच म्हणाली, "अगं, किती वेळा सांगितलं, ईराच्या वस्तूंना हात लावू नकोस."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं."

ईरा वर निघून गेली. पूजा कशीबशी झाली. सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळ्या तळलेल्या चकल्या डब्यात तशाच राहिल्या, मऊ पडल्या. त्यांनी नातीची किती वेळा माफी मागितली म्हणून सांगू! दारात उभं राहून मराठीत मागितली, मेधाला विचारून विचारून इंग्रजीत मागितली. "सॉरी, बाळा. आजी सॉरी." हातातल्या दोन बांगड्या काढून त्या मला देऊ लागल्या, विका आणि तिला दुसरं आणा म्हणून. मी घेतल्या नाहीत. मोठेपणा केल्यासारख्या परत केल्या! वर म्हणालो, जाऊ द्या आई, होतं असं. मी त्यांना क्षमा केली. कळतंय ना तुम्हाला? मी, त्यांना.

त्यानंतर टेबलावर कार्डं मांडली गेली नाहीत. ईरा बोलायची, पण हो-नाहीपुरतं. ती खाली आली की सासूबाई काहीतरी काम काढून खोलीत जायच्या. घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी विचारायच्या — मेधा, हा कप घेऊ ना? श्रीकांतराव, टीव्ही लावला तर चालेल? सहा महिने पुरे व्हायच्या आधीच थंडी सोसवत नाही म्हणून त्यांनी तिकीट बदलून घेतलं. पुन्हा आल्या नाहीत. व्हिडिओ कॉलवर ईरा "हाय आजी, बाय आजी" करून उठायची, आणि सासूबाई रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायच्या, अभ्यास असेल तिला. दोन वर्षांपूर्वी नाशिकला झोपेतच गेल्या.

इथे थांबलो तर? तुम्ही म्हणाल, वाईट वागलास रे, पण माणूस भीतीनं मूग गिळून बसतो. होतं. तुम्ही कदाचित मला माफही कराल. म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

मी पणत्या लावत होतो, हे खरं. पण त्याच्या आधी?

मी त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी आलो होतो. मेधा स्वयंपाकघरात, ईरा अजून शाळेत. सासूबाई पाट पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "श्रीकांतराव, एक विचारू? ईराचा टोपीवाला पूजेत ठेवला तर चालेल का? तिची लक्ष्मी तीच ना. संध्याकाळी बघेल तर पोर किती खूश होईल." पुढे म्हणाल्या, "पण चालत नसेल तर राहू दे हं. मला त्यातलं कळत नाही."

त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं.

मी म्हणालो, "ठेवा की, आई."

मग त्या म्हणाल्या, प्लॅस्टिकवर टिळा लावणं काही खरं नाही, पण माझ्या हातून काढताना काही व्हायला नको, तुम्हीच द्या काढून. मी वर गेलो. कार्ड घेऊन आलो. माझ्या या हातांनी डबीतून काढलं आणि पाटावर ठेवलं. त्यांनी हळदीची वाटी, पाण्याची वाटी जवळ घेतलेली मला दिसत होती. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी दसऱ्याला याच बाईंनी माझ्या गाडीला, बर्फाच्या फावड्याला, मेधाच्या लॅपटॉपला आणि कारखान्यातून आणलेल्या माझ्या मोजपट्ट्यांना हळद-कुंकू लावलं होतं, ईरानं हसत हसत फोटो काढले होते. माझ्या स्टीलच्या पट्टीवर तो डाग तेव्हाही होता. मला माहीत होतं की नव्हतं?

माहीत होतं. पुरतं माहीत होतं. कार्ड ठेवलं आणि पणत्या आणतो म्हणून मी बाहेर गेलो. आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच काही ना काही करत राहिलो, पानं गोळा केली, गराज झाडलं, जेणेकरून मी तिथे नसेन.

आणि तरी त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं." माझ्याकडे बघून म्हणाल्या. लेकीसमोर, नातीसमोर. एका वाक्यात त्या मला उघडा पाडू शकल्या असत्या — अहो, तुम्हीच नाही का काढून दिलंत? त्यांनी ते वाक्य गिळलं. का? मी जावई म्हणून? लेकीच्या संसारात आपल्यामुळे ठिणगी नको म्हणून? की माझ्या तोंडावर त्यांना काहीतरी दिसलं, मी दडवत होतो ते? मला ठाऊक नाही. एअरपोर्टवर मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच. त्या हाताखाली मी वाकून उभा होतो आणि मनात एकच — आता तरी बोल. बोललो काय? "आई, पोचलात की फोन करा."

पुष्कळदा वाटतं, फोनवर तरी बोलायचं. नुसतं एवढंच — आई, तुम्ही विचारलं होतंत. त्यांना ते माहीतच होतं. मलाही माहीत आहे हे त्यांना कळायला हवं होतं. आठवड्याला फोन व्हायचा. हवापाणी बोलायचो.

गेल्या महिन्यात ईरा आली होती. आता ती रेजिना शहरात नोकरी करते. आम्ही घर विकून काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जायचं म्हणतोय, तर बेसमेंट आवरायला म्हणून आठवडाभर आली. खोकी उपसता उपसता तिला ते कार्ड सापडलं. मी ते फेकलं नव्हतं. का फेकलं नाही, हेही मला सांगता येणार नाही. बराच वेळ वरून हाका मारल्या तरी उत्तर येईना म्हणून मी खाली गेलो, तर ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, कार्ड मांडीवर.

कुंकू आता तपकिरी झालंय. त्यात बोटाच्या रेषा दिसतात.

"आय वॉज सो मीन टू हर, बाबा," ती म्हणाली. "तिनं चकल्या केल्या होत्या, आय डिडन्ट ईव्हन ईट देम. शी केप्ट सेइंग सॉरी. आय कुड हॅव जस्ट सेड, इट्स ओके आजी, इट्स अ कार्ड. आता कोणाला सांगू?" आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. इतकी वर्षं हे तिच्या मनात होतं! मी समजत होतो, ती विसरली. पार्टीत कोणी विषय काढला तर हसून सांगायची, माय आजी पुट कुंकू ऑन अ बेसबॉल कार्ड. मीही हसायचो.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. वर मेधा कपाटं लावत होती, तिच्या पावलांचा आवाज येत होता. एका वाक्याचं काम होतं. माझं ओझं मी तिच्या खांद्यावर ठेवलं होतं, तेरा वर्षांच्या पोरीच्या, आणि ते उचलायला एक वाक्य पुरलं असतं. शब्दसुद्धा तयार होते. तोंड उघडलं मी.

"लहान होतीस तू," मी म्हणालो. "आजीला सगळं कळायचं. तिनं कधीच मनात ठेवलं नसेल."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ बसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होतो. मग तिनं डोळे पुसले, विचारलं, हे कार्ड मी रेजिनाला घेऊन जाऊ का? आजीचं बोट आहे यावर. मी म्हणालो, ने.

"थँक्स, बाबा," ती म्हणाली. "फॉर सेइंग दॅट."

ते थँक्स मी घेतलं.